अनेक कॅरिअरची पार्सलं एकाच लायब्ररीतून ट्रॅक करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या प्रोग्राममध्ये पार्सल ट्रॅकिंग बसवायला घेतलेल्यांसाठी हे पान आहे. इथे 'कॅरिअर' म्हणजे पार्सल वाहून नेणारं कुणीही, खासगी कुरिअर कंपनीपासून टपालखात्यापर्यंत. प्रश्न महत्त्वाच्या क्रमाने लावलेले नाहीत. काम करताना माणूस साधारण ज्या क्रमाने त्यांना ठेचकाळतो, तसे ठेवले आहेत.

## अशी लायब्ररी नेमकं काय करते?

तीन कामं. दिलेला क्रमांक कोणत्या कॅरिअरचा ते ओळखते, त्या कॅरिअरच्या एपीआयला (प्रोग्रामने माहिती मागायच्या दाराला) त्याला समजेल अशा पद्धतीने विचारते, आणि आलेलं उत्तर एकाच साच्यात ओतून तुमच्या हातात देते. पहिल्यांदा बघणाऱ्याला मधलं काम सगळ्यांत अवघड वाटतं. खरं तर रिक्वेस्ट पाठवून उत्तर आणणं आठवड्याभरात जमतं. त्या उत्तराचा अर्थ लावणं मात्र प्रकल्प चालू आहे तोवर चालूच राहतं, आणि खालचे बहुतेक प्रश्न त्याच्याभोवतीच फिरतात.

दर काढणं, लेबल छापणं, पिकअप ठरवणं हेही काही लायब्रऱ्या करतात. तो वेगळा विषय आहे.

## म्हणजे पार्सल आत्ता कुठे आहे ते कळतं ना?

नाही. पार्सल शेवटचं कुठे स्कॅन झालं ते कळतं. ट्रकमध्ये, विमानाच्या पोटात किंवा कस्टम्सच्या रॅकवर पडलेलं पार्सल कुणाशी बोलत नसतं. दोन स्कॅनच्या मधल्या काळात काय घडलं, हे बहुतेक वेळा कॅरिअरलाही ठाऊक नसतं.

हा शब्दच्छल वाटेल, पण स्क्रीनवर काय लिहायचं ते यावरूनच ठरतं. 'तुमचं पार्सल अमुक गोदामात आहे' असं छापू नका. 'शेवटची नोंद: अमुक गोदाम, मंगळवार सकाळ' असं छापा. पहिलं वाक्य तीन दिवसांनी खोटं ठरू शकतं, दुसरं कधीच ठरत नाही.

## नुसत्या क्रमांकावरून कॅरिअर कसा ओळखायचा?

काही क्रमांक स्वतःची ओळख स्वतःच सांगतात. आंतरराष्ट्रीय टपालासाठी वापरला जाणारा एस१० नमुना त्यांतला सर्वांत सभ्य. तो जागतिक टपाल संघटनेचा. ही संघटना १८७४ सालची, मुख्यालय बर्नला, आणि एकमेकांच्या पद्धती जुळवून घेण्याची सवय टपालखात्यांना किती जुनी आहे ते या नमुन्यात दिसतं. एकूण तेरा अक्षर-अंक: सुरुवातीला सेवेची दोन अक्षरं, मग आठ अंकी अनुक्रमांक, एक पडताळणी अंक, आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. पहिलं अक्षर 'आर' असेल तर रजिस्टर्ड, 'ई' असेल तर ईएमएस (टपालाची जलद सेवा), 'सी' असेल तर पार्सल.

पडताळणी अंक असा निघतो. समजा मधले आठ अंक १२३४५६७८ आहेत. त्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणा आणि बेरीज करा: २०४ येते. तिला ११ ने भागा, बाकी उरते ६. ती ११ मधून वजा केली की ५. म्हणून १२३४५६७८५ हे बरोबर आणि १२३४५६७८४ हे चूक. वजाबाकी १० आली तर पडताळणी अंक ० धरायचा, ११ आली तर ५. हे शेवटचे दोन अपवाद हौशी कोडमध्ये हमखास सुटतात. मग अकरांतले दोन क्रमांक विनाकारण बाद होतात आणि 'कधी कधी चालत नाही' अशी तक्रार येते.

यूपीएसचा नेहमीचा क्रमांकही ओळखायला सोपा: 'एक' आणि 'झेड' या जोडीने सुरू होतो, एकूण अठरा अक्षर-अंक, त्यांत पाठवणाऱ्याचं सहा अक्षरी खातं आणि सेवेचा दोन अंकी कोड दडलेला. इथवर मजा आहे. पुढे नुसते आकडे सुरू होतात आणि चित्र धूसर होतं. फेडेक्सचा बारा अंकी क्रमांक दिसायला दुसऱ्या एखाद्या कॅरिअरच्या बारा अंकी क्रमांकासारखाच. डीएचएल एक्सप्रेसचा दहा अंकी. त्यात पहिल्या नऊ अंकांच्या संख्येला ७ ने भागून जी बाकी उरते, तो दहावा अंक. १२३४५६७८९ ला ७ ने भागलं की बाकी १, म्हणून १२३४५६७८९१ ही संख्या परीक्षेत पास. पण वाटेल तो दहा अंकी आकडा उचललात, अगदी फोन क्रमांक, तरी दहांतून एकदा तोही पास होणार. शिवाय ७ ने भागण्यात एक मूळची फट आहे: पहिल्या नऊ अंकांत १ च्या जागी ८ किंवा २ च्या जागी ९ पडला तर बाकी बदलतच नाही, चूक बेमालूम निसटते.

म्हणून चांगली लायब्ररी 'हा अमुकचा क्रमांक आहे' असं एकच उत्तर देत नाही. शक्यतांची यादी देते, जास्त खात्रीचा वर. ती यादी बघून पहिलं नाव उचलायचा मोह आवरा. दोन कॅरिअरना विचारा, किंवा वापरणाऱ्याला निवडू द्या.

आणि मुळात ओळखायची वेळ का आली, तेही बघा. पार्सल तुमच्याच यंत्रणेतून निघालं असेल तर लेबल छापताना कॅरिअर माहीत होताच. तो क्रमांकाशेजारी साठवा. अंदाज फक्त वापरणाऱ्याने कुठून तरी आणून चिकटवलेल्या क्रमांकांसाठी ठेवा.

## क्रमांक बरोबर आहे, पडताळणी अंकही जुळतो, तरी काहीच माहिती येत नाही. का?

पडताळणी अंक टायपिंगची चूक पकडतो. असं पार्सल जगात आहे की नाही, हे तो सांगत नाही. एस१० मध्ये 'यू' ने सुरू होणारे क्रमांक तर बहुधा ट्रॅकिंग नसलेल्या टपालावर असतात. क्रमांक अस्सल असतो, पण वाटेतल्या नोंदी मिळतील ही अपेक्षा धरू नका.

बारकोड स्कॅन करून क्रमांक घेत असाल तर आणखी एक शक्यता तपासा. यूएसपीएसच्या (अमेरिकी टपालखात्याच्या) लेबलवर बारकोडमध्ये २२ अंकी क्रमांकाच्या आधी ४२० आणि पोचवायच्या पत्त्याचा पाच अंकी झिप कोड (तिथला पिन कोड) जोडलेला असतो, त्यामुळे स्कॅनरमधून ३० अंक पडतात. सुरुवातीचे आठ कापले की खरा क्रमांक मिळतो. मोकळ्या जागा आणि मधल्या रेघा काढून टाकणं, अक्षरं मोठ्या लिपीत करणं हे तर पहिल्या ओळीतच व्हायला हवं.

## डेटाबेसमध्ये क्रमांक कोणत्या प्रकारात ठेवू?

स्ट्रिंग. नुसते आकडे असले तरी स्ट्रिंगच. त्याच्यावर तुम्ही बेरीज-वजाबाकी करणार नाही आहात.

इंटिजर ठेवलात तर सुरुवातीची शून्यं जातात. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढच्या पूर्णांकांची खात्री नाही, हा सोळा अंकी आकडा आहे आणि क्रमांक बावीस अंकी असू शकतो. एक्सेल पंधरा अंकांनंतरचे सगळे अंक शून्य करून मोकळं होतं. या शेवटच्या गोष्टीने सगळ्यांत जास्त घात केला आहे, कारण ती तुमच्या कोडमध्ये घडतच नाही. गोदामातलं कुणी तरी यादी एक्सेलमध्ये उघडतं, सहज सेव्ह करतं, आणि परत आलेल्या फाइलमध्ये दोनशे क्रमांकांचं शेपूट शून्यांचं झालेलं असतं. शेवटी ओळीने शून्यं दिसली की ती फाइल आत घेऊ नका, परत पाठवा.

## प्रत्येक कॅरिअरकडे वेगळं खातं काढावं लागतं का?

बहुतेक ठिकाणी हो. लायब्ररी फुकट असली तरी एपीआयची किल्ली तुमची तुम्हालाच आणावी लागते. काही कॅरिअर ती काही मिनिटांत देतात, काही करार आणि ग्राहक क्रमांक मागतात.

बऱ्याच मोठ्या कॅरिअरकडे आता ओऑथ २.० आहे, म्हणजे किल्ली दाखवून आधी थोड्या वेळापुरतं टोकन घ्यायचं आणि प्रत्येक रिक्वेस्टला ते जोडायचं. यूपीएसने जुन्या अॅक्सेस की २०२४ मध्ये बंद केल्या. त्यानंतरही त्या जुन्या पद्धतीने विचारणाऱ्या लायब्रऱ्या इंटरनेटवर तशाच पडून आहेत, लोकांनी पसंतीचे दिलेले भरपूर तारे मिरवत. वापरायला घेण्यापूर्वी शेवटचा बदल कधीचा ते बघा. टोकन एकदा घेतलं की मुदत संपेपर्यंत तेच वापरा. फेडेक्सचं तासभर चालतं, यूपीएसचं साधारण चार तास. दर रिक्वेस्टला नवं टोकन मागणारा कोड मी स्वतः लिहिलेला आहे. चालतो छान, फक्त दुप्पट वेळ घेतो आणि रिक्वेस्टची मर्यादाही दुप्पट वेगाने संपवतो. मुदतीचा आकडा कोडमध्ये पक्का लिहू नका. टोकनबरोबर तो येतो, तोच वाचा.

## आफ्टरशिप, ईझीपोस्ट, १७ट्रॅक यांसारखी सेवा घेतली तर?

तर बऱ्याच कटकटी त्यांच्या गळ्यात जातात. एकच किल्ली, एकच साचा, शेकडो कॅरिअर. बदल्यात पार्सलमागे पैसे मोजावे लागतात, ग्राहकांची माहिती तिसऱ्याच्या हाती जाते, आणि स्टेटसचा अर्थ त्यांनी लावलेला स्वीकारावा लागतो.

माझं मत विचाराल तर: दोन-तीन कॅरिअर असतील आणि त्यांच्याशी करार असेल तर थेट जा. जगभरातले वाटेल ते क्रमांक येणार असतील तर सेवा घ्या. दोन कॅरिअरसाठी पन्नास अॅडॉप्टरची (एकेका कॅरिअरशी जोडणाऱ्या कोडची) लायब्ररी आणणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. कसंही गेलात तरी आपल्या कोडमध्ये मधे एक पातळ थर ठेवा, म्हणजे उद्या बाजू बदलताना सगळं उकरावं लागणार नाही.

## प्रत्येकाचे स्टेटस वेगळे. ते एकसारखे कसे करायचे?

खरं काम इथे आहे.

टपालखात्यांनी हा प्रश्न आपापसांत बराचसा सोडवून ठेवला आहे. त्यांच्या ईएमएस घटनांना ठरलेले कोड आहेत: ईएमए म्हणजे टपालात दिलं, ईएमबी म्हणजे पाठवणाऱ्या देशाच्या विनिमय कार्यालयात (परदेशी टपालाची देवाणघेवाण होते तिथे) आलं, ईएमसी म्हणजे तिथून निघालं, ईएमडी म्हणजे पोचवायच्या देशाच्या विनिमय कार्यालयात आलं, ईएमई म्हणजे कस्टम्सने अडवलं, ईएमएफ म्हणजे त्या विनिमय कार्यालयातून पुढे निघालं, ईएमजी म्हणजे वितरण कार्यालयात आलं, ईएमएच म्हणजे पोचवायचा प्रयत्न फसला, ईएमआय म्हणजे पोचलं. ही मालिका एकदा नीट वाचा. पार्सलाचा प्रवास किती टप्प्यांचा असतो ते कुठल्याही डॉक्युमेंटेशनपेक्षा हिच्यावरून लवकर कळतं. ईएमसी आणि ईएमडी यांच्या मधे आठवडाभराची शांतता का असते, तेही: त्या काळात पार्सल दोन देशांच्या मधे असतं आणि स्कॅन करणारं बहुधा कुणी नसतं.

खासगी कॅरिअरमध्ये असा एकोपा नाही. एकाचा 'होल्ड' म्हणजे ग्राहकानेच 'सुट्टीवर आहे, थांबवा' म्हणून सांगितलेलं. दुसऱ्याचा 'होल्ड' म्हणजे पत्ता चुकलेला. तिसऱ्याचा म्हणजे कस्टम्सचे पैसे बाकी. तिन्ही सरसकट 'अडचण' या खान्यात घातले तर पहिल्या ग्राहकाला उगाच धडकी भरते आणि तिसऱ्याला पैसे भरायचे आहेत हे कळतच नाही. 'एक्सेप्शन' हा शब्दही असाच फसवा. पार्सल हरवलं तरी एक्सेप्शन, आणि पावसामुळे ट्रक दोन तास उशिरा निघाला तरी एक्सेप्शन.

आम्हाला सगळ्यांत महागात पडलेली चूक मात्र 'डिलिव्हर्ड' या सरळसाध्या शब्दाची होती. न स्वीकारलेलं पार्सल परत पाठवणाऱ्याच्या दारात पोचलं की एक कॅरिअर तिथेही तोच कोड पाठवत असे. आम्ही तो डोळे मिटून 'पोचलं' मध्ये घातला होता. ज्यांच्या हाती काहीच पडलं नव्हतं अशा लोकांना 'वस्तू कशी वाटली?' असे ईमेल गेले. त्यांची उत्तरं इथे देण्यासारखी नाहीत.

त्यातून आम्ही जे शिकलो ते असं. कॅरिअरच्या स्टेटसची तुमच्या स्टेटसशी जोडणी कोडवरून करा, वर्णनाच्या वाक्यावरून नको. वाक्यं कधीही बदलतात, आणि एपीआयने दुसऱ्या भाषेत उत्तर दिलं की सगळंच कोसळतं. अनोळखी कोड आला तर 'अज्ञात' असा स्पष्ट स्टेटस द्या आणि लॉगमध्ये ओरडा. त्याला गुपचूप 'वाटेत' म्हणणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. जोडणीचा तक्ता कोडमध्ये न पुरता वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे ग्राहकसेवेतल्या माणसालाही तो वाचता येईल. बहुतेक चुका तेच पकडतात. आणि कॅरिअरकडून आलेलं मूळ उत्तर जसंच्या तसं साठवा. जागा लागते, लागू द्या. तक्ता सुधारल्यावर जुन्या पार्सलांचा अर्थ नव्याने लावता येतो तो या मूळ उत्तरामुळेच.

एकूण स्टेटस किती असावेत? आठ-नऊ पुरतात: लेबल बनलं, वाटेत, वितरणाला निघालं, प्रयत्न फसला, ग्राहकाने उचलायचं आहे, अडचण, परत निघालं, पोचलं, अज्ञात. वीस केलेत तर वापरणारा पुन्हा त्यांचे आठ करणार.

## घटनांच्या वेळा उलटसुलट दिसतात. पार्सल निघण्यापूर्वीच पोचलेलं दाखवतंय!

टाइमझोन. पुष्कळ कॅरिअर स्कॅनची वेळ त्या जागेच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे देतात आणि कोणतं घड्याळ ते सांगत नाहीत. टोकियोहून संध्याकाळी पाचला निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी उतरतं. दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या. क्रम लावलात की पार्सल आधी पोचतं, मग निघतं.

उत्तरात यूटीसीपासूनचं अंतर दिलं असेल तर तेच वापरा. नसेल तर जागेवरून टाइमझोन काढावा लागतो, शहर आणि देश यांवरून, आयएएनएच्या टाइमझोन याद्यांच्या आधाराने. 'या देशाचा टाइमझोन अमुक' असा तक्ता मोठ्या देशांत चालत नाही. निश्चित तासांचा फरक लिहून ठेवणंही चालत नाही, कारण उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत तो वर्षातून दोनदा बदलतो आणि एक तास तर दोनदा येतो.

जागाच माहीत नसेल तर? तर वेळ 'स्थानिक, टाइमझोन अज्ञात' म्हणून साठवा आणि तशीच दाखवा. इथे बऱ्याच लायब्रऱ्या सर्व्हरचा टाइमझोन चिकटवून मोकळ्या होतात. हे सगळ्यांत वाईट, कारण चूक दिसेनाशी होते. मूळ स्ट्रिंग, काढलेली यूटीसी वेळ आणि ती कशावरून काढली ही खूण अशी तीन फील्ड ठेवा.

वेळ नसून नुसती तारीखच आली असेल तर तिच्यापुढे मध्यरात्र लावू नका. 'पार्सल रात्री बाराला पोचलं' असं वाचून माणूस दचकतो.

## मग क्रम कसा लावायचा? आणि एकच घटना दोनदा येते तिचं काय?

क्रम घटनेच्या वेळेवरून लावा, ती तुमच्याकडे कधी आली त्यावरून नको. स्कॅनरला नेटवर्क नसेल तर सकाळची नोंद रात्री येते. वेळ सारखीच असेल तर कॅरिअरने ज्या क्रमाने दिल्या तो क्रम राखा.

दुहेरी घटना ओळखायला कॅरिअरने दिलेला घटनेचा कोड, तिची मूळ वेळ आणि जागा एवढ्या तीन गोष्टी पुरतात. वर्णन त्यात धरू नका, नाहीतर कुणी शुद्धलेखन सुधारलं की घटना नवी ठरते आणि ग्राहकाला दुसऱ्यांदा एसएमएस जातो.

शेवटची घटना म्हणजेच सध्याचा स्टेटस, असंही समजू नका. दुपारी दोनला 'पोचलं' आणि संध्याकाळी साडेसहाला 'डेपोत नोंद' अशी जोडी मी पुष्कळदा पाहिली आहे, ड्रायव्हरने दिवस मिटवताना झालेली. 'पोचलं' नंतर आलेली साधी हालचाल स्टेटस बदलणार नाही, 'परत निघालं' मात्र बदलेल, असा नियम लिहावा लागतो.

## कॅरिअरला किती वेळा विचारायचं?

पार्सल कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर अवलंबून. नुसतं लेबल बनलं असेल तर दिवसातून दोनदा. वाटेत असेल तर चार-सहा तासांनी. वितरणाला निघालं असेल तर अर्ध्या तासाने. पोचल्यावर आणखी दोन दिवस दिवसातून एकदा, कारण चुकून झालेलं 'पोचलं' दुसऱ्या दिवशी मागे घेतलेलं पाहिलं आहे. महिनाभर काहीच हाललं नाही तर यंत्राने विचारणं थांबवावं आणि माणसाला कळवावं. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्या मालाप्रमाणे बदला.

सगळी पार्सलं तासाच्या ठोक्याला विचारू नका. प्रत्येकाला थोडी यादृच्छिक सरक द्या. एका रिक्वेस्टमध्ये अनेक क्रमांक चालत असतील तर गठ्ठ्याने विचारा. फेडेक्सचा ट्रॅकिंग एपीआय एका वेळी ३० घेतो. ४२९ हा कोड आला तर मर्यादा ओलांडली आहे. सोबत 'रिट्राय आफ्टर' हेडर असेल तर तेवढं थांबा. त्यात सेकंदही असू शकतात किंवा तारीखही, दोन्ही वाचता आलं पाहिजे. हेडर नसेल तर दर वेळी थांबायचा काळ दुप्पट करत जा. एक कॅरिअर आडवा झाला म्हणून बाकीच्यांची रांग अडता कामा नये, म्हणून प्रत्येकासाठी वेगळी क्यू.

## वेबहुक असेल तर पोलिंग बंद करू?

वेबहुक म्हणजे काही घडलं की कॅरिअरने आपणहून पाठवलेला संदेश, पोलिंग म्हणजे तुम्ही स्वतः जाऊन विचारत राहणं. पोलिंग कमी करा, बंद नको. वेबहुक हरवतात, दोनदा येतात, आगेमागे येतात. दिवसातून एकदा स्वतः जाऊन खात्री करणारं काम चालू ठेवा. आलेल्या वेबहुकची सही तपासा, बहुधा एचमॅक एसएचए-२५६ असते, आणि ती मूळ बाइट्सवर काढलेली असते. आधी जेसन वाचून पुन्हा लिहून तपासलीत तर जुळणार नाही. सही जुळली की संदेश क्यूत टाकून लगेच २०० ('मिळालं' असा एचटीटीपी कोड) द्या, प्रक्रिया नंतर. तुम्ही उत्तराला वेळ लावलात की पाठवणारा तोच संदेश पुन्हा पाठवतो आणि गोंधळ तुमच्याच अंगणात होतो.

## 'क्रमांक सापडला नाही' ही एरर समजू का?

सुरुवातीचे एक-दोन दिवस नाही. लेबल छापल्यापासून पहिल्या स्कॅनपर्यंत कॅरिअरच्या ट्रॅकिंगला तो क्रमांक ठाऊकच नसतो, हे अगदी नेहमीचं. ग्राहकाला 'अवैध क्रमांक' असं लाल अक्षरांत दाखवू नका. 'कॅरिअरकडे अजून नोंद नाही' एवढं पुरे.

लायब्ररीने चार गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात: क्रमांकाचं रूपच चुकलं, नोंद सापडली नाही, किल्ली चालली नाही, कॅरिअरचा सर्व्हर पडला. पहिल्यात वापरणाऱ्याला सांगायचं, दुसऱ्यात वाट पाहायची, तिसऱ्यात स्वतःला रात्री उठवायचं, चौथ्यात थोड्या वेळाने पुन्हा विचारायचं. सगळ्यांना एकच एक्सेप्शन फेकणारी लायब्ररी असेल तर दुसरी शोधा. आणि काही कॅरिअर एरर असतानाही २०० देतात, मजकुरात आत कुठे तरी 'नाही' लपवून. नुसत्या एचटीटीपी कोडवर विसंबू नका.

## एका ऑर्डरचे तीन खोके, किंवा एका खोक्याचे दोन क्रमांक?

दोन्ही रोजचंच. म्हणून ऑर्डरच्या टेबलात 'ट्रॅकिंग क्रमांक' असं एक फील्ड ठेवू नका, वेगळं टेबल करा. तीनपैकी दोन खोके पोचले तर ऑर्डर पोचलेली नाही.

एका कॅरिअरने शेवटचा टप्पा दुसऱ्याकडे, बहुधा टपालखात्याकडे, सोपवला की दुसरा क्रमांक जन्माला येतो. पहिल्याच्या उत्तरात तो कधी स्वतंत्र फील्डमध्ये असतो, कधी वर्णनाच्या वाक्यात. सापडला की त्याचाही माग सुरू करा आणि दोन्हींच्या घटना एकाच यादीत मिसळा. सापडला नाही तर 'स्थानिक भागीदाराकडे सोपवलं' नंतरची शांतता ग्राहकाला प्रामाणिकपणे सांगा.

## नव्या पार्सलावर मागच्या वर्षीचा पत्ता दिसतोय?

क्रमांक पुन्हा वापरात आला आहे. एस१० मध्ये सुरुवातीच्या अक्षरांच्या एका जोडीमागे एका देशाला दहा कोटीच अनुक्रमांक मिळतात. ते कधी तरी संपणार. फेडेक्सच्या उत्तरात तर क्रमांकाबरोबर वेगळी एकमेव ओळखही असते, ती याचसाठी. डेटाबेसमध्ये क्रमांक एकमेव असल्याची अट घालू नका. कॅरिअर, क्रमांक आणि पाठवल्याची तारीख मिळून ओळख ठरवा, आणि त्या तारखेच्या बऱ्याच आधीच्या घटना टाकून द्या.

## एपीआय नसेल तर वेबसाइट खरवडून माहिती काढू?

बहुतेक कॅरिअरच्या अटींत ते बसत नाही, आणि पान बदललं की रातोरात सगळं बंद. नको.

## टेस्ट कशा लिहायच्या?

खऱ्या एपीआयवर नको. खरी पार्सलं पोचतात आणि टेस्ट मोडतात. खरी उत्तरं नोंदवून, त्यांतली नावं-पत्ते-सह्या पुसून, फाइलमध्ये ठेवा आणि त्यांवर टेस्ट चालवा. सँडबॉक्स (कॅरिअरने चाचणीसाठी दिलेला खोटा एपीआय) वापरा, पण तिथली पार्सलं फार शहाणी असतात: सरळ निघतात, सरळ पोचतात. तुम्हाला हवी असतात ती वाकडी. तीनदा प्रयत्न फसून परत निघालेलं, कस्टम्समध्ये अडकून सुटलेलं, दुसऱ्या कॅरिअरकडे गेलेलं. अशी दिसली की लगेच उत्तर जपून ठेवा.

## पोचायची अंदाजे तारीख ग्राहकाला दाखवावी का?

कॅरिअरने दिली असेल तर दाखवा, आणि ती कॅरिअरची आहे हेही सांगा. ती बदलली तर जुनी पुसू नका. आधी कोणती सांगितली होती, हा पहिला प्रश्न येतोच.

## ट्रॅकिंगच्या माहितीत खासगी काही असतं का?

भरपूर. कुणी सही केली, कुठे ठेवलं, कधी कधी दारातला फोटो. 'शेजाऱ्याकडे दिलं' यात शेजाऱ्याचं नावही येतं, आणि त्याने तर तुमच्याशी कसला करारही केलेला नाही. जपून ठेवलेल्या मूळ उत्तरांतून हे भाग ठरावीक मुदतीनंतर गाळा, घटना राहू द्या. ट्रॅकिंग पान नुसत्या क्रमांकावर उघडत असेल तर त्यावर पत्ता दाखवू नका. क्रमांक एकामागून एक येतात, पुढचा ताडणं कुणालाही जमतं.

## नवा कॅरिअर जोडायचा आहे. सुरुवात कुठून करू?

कोड उघडण्यापूर्वी त्याचे, पाठवून झालेल्या पार्सलांचे वीस-पंचवीस क्रमांक गोळा करा, त्यांत निदान पाच बिघडलेल्या प्रवासांचे. त्यांची मूळ उत्तरं शेजारी शेजारी ठेवून वाचा. प्रत्येक कोडचा अर्थ काय असावा ते हाताने लिहा. डॉक्युमेंटेशनमध्ये नसलेले कोड सापडतील, त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका आणि ती यादी कॅरिअरच्या तांत्रिक मदतीला पाठवा. उत्तर येईपर्यंत अॅडॉप्टर लिहून होतो.